नेटी आत्या आणि रस्त्यावरच्या पाट्या

नेटी आत्याने मला तिची घरगाडी चालवायला दिली ती एकदाच, आणि तेवढ्यात मी त्या गाडीचं छप्पर उचकटून ठेवलं.

सीमेच्या अलीकडे, अ‍ॅरिझोनात, मेक्सिकोत चालणारा गाडीचा विमा विकणारं एक दुकान आहे. उतरायचं नाही, खिडकीशी गाडी लावायची, कागद घ्यायचा आणि सुटायचं. आत्या मागे ओट्याशी पिरोग्या भरत होती. सीमेपलीकडे कच्चा बटाटा नेऊ देत नाहीत, म्हणून घरून आणलेले सगळे बटाटे उकडून मैद्याच्या पारीत दडवायचं काम चाललं होतं. "जरा पुढे घे रे," ती म्हणाली, "तेवढं तरी जमेल." खिडकीवर पत्र्याची शेड होती. शेडवर तिची उंची लिहिली होती, आणि मी ती अगदी नीट वाचली. आमच्या गाडीची उंची आरशाशेजारी चिकटवलेली होती, ती वाचायची राहिली.

आवाज टिनाचा डबा उघडल्यासारखा आला. वरचं हवेचं झाकण शेडला लटकून राहिलं आणि गाडीत एकदम लख्ख ऊन पडलं.

आत्या पिठाच्या हातांनी पुढे आली. तिने आधी वर बघितलं, मग माझ्याकडे.

"डार्सी, किती उंची आपली?"

"पाच फूट नऊ," मी म्हणालो. घाबरल्यावर मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

खिडकीतला माणूस हसला. आत्या हसली नाही. तिने गाडी मागे काढली, पिरोग्यांचा पत्र्याचा ट्रे त्या भोकावर उलटा घातला, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. "आजपासून तुझं काम एकच. रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या. मोठ्याने. एकही सोडायची नाही."

मला वाटलं, शिक्षा असेल.

आता खरं सांगायचं तर मी त्या गाडीत होतो तो चालवायला नव्हेच. मी होतो तो हेर म्हणून. आत्याची मुलगी शार्लीन घरी, उत्तरेकडे, रेजायना शहरात शिक्षिका आहे आणि वर्गाबाहेरही ती शिक्षिकाच असते. ऑक्टोबरात तिने मला बोलावून घेतलं. आमच्या गावातल्या धान्याच्या कोठारावरची माझी नोकरी नुकतीच गेली होती, त्यामुळे मी मोकळा होतो आणि भुकेलाही. "आई त्र्याहत्तरची आहे," शार्लीन म्हणाली. "एकटी तीस फुटांची गाडी घेऊन तीन हजार किलोमीटर जाते आणि एप्रिलपर्यंत समुद्रावर बसते. तू मदतीला म्हणून जा. बघ, तिला नीट दिसतं का, नीट आठवतं का, आणि डोकं ठिकाणावर आहे का. मला कळव. जमत नसेल तर यंदा गाडी विकून टाकू."

यात मला काही वावगं वाटलं नाही. थंडीत उणे चाळीस असताना समुद्रावर फुकट जायला मिळत असेल, तर माणसाला फारसं काही वावगं वाटत नाही.

विम्याच्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत मर्ल आणि डॉट हे जोडपं त्यांचा लांबलचक ट्रेलर घेऊन आमची वाट बघत थांबलं होतं. आत्याचे समुद्रावरचे शेजारी, आमच्याच सस्कॅचेवान प्रांतातले. मर्ल निवृत्त शेतकरी, आडदांड, बोलायला लागला की हात मागे बांधून उभा राहायचा. डॉट एवढीशी, सतत स्वेटरची बाही ओढणारी. ते पुढे आणि आम्ही मागे असं निघायचं ठरलं. सीमेवर बटण दाबायचं, लाल दिवा लागला तर झडती; त्यांना हिरवा लागला, आम्हालाही लागला. सैनिकाने आमच्या छपरावरच्या ट्रेकडे बघितलं आणि पुढे जा असा हात केला. पलीकडे पहिल्याच पेट्रोलपंपावर दोन्ही गाड्या थांबल्या, मर्लची पंपाच्या मागे, आणि बराच वेळ थांबल्या. आत्या उतरून त्यांच्याकडे गेली. मला सांगून गेली, "पंपाचा काटा शून्यावर येईपर्यंत त्या पोऱ्यावरून नजर काढू नकोस." आत्याचा जगावर विश्वास तेवढाच. सुट्टे देणाऱ्यावर नाही, बर्फ विकणाऱ्यावर नाही, आणि माझ्यावर तर नाहीच.

"कुणाला लिहितोयस?" परत आल्या आल्या तिने विचारलं. माझ्या हातात फोन होता.

"आईला."

"तुझ्या आईला तू वाढदिवसालासुद्धा लिहीत नाहीस."

मी फोन खिशात घातला. पाट्या वाचायला लागलो. शाळेत मी अर्धं वर्ष स्पॅनिश शिकलो होतो आणि त्यातलं अर्धं विसरलो होतो. "वेग कमी करा. वळण. जनावरं रस्त्यावर येतात. वेग कमी करा." वाळवंट दोन्ही बाजूंनी सपाट. पुढे मर्लच्या ट्रेलरची पाठ, एवढी मोठी की त्याच्यापुढे पिकअप आहे की नाही हेसुद्धा दिसू नये. आत्याने त्या पाठीपासून अंतर ठेवलं ते दोरी बांधल्यासारखं. कमी नाही, जास्त नाही.

आणि मग ती बोलायला लागली.

"थोडी उजवीकडे," ती पुटपुटली. "अजून. हां. आता सरळ."

मी म्हटलं, गाडीशी बोलते आहे. आमच्या गावात निम्मी माणसं ट्रॅक्टरशी बोलतात, आणि बायकोपेक्षा बऱ्या शब्दांत.

"ट्रक येतोय मागून. येऊ दे. तू हलू नकोस. गेला. शाब्बास पोरी." मग जरा थांबून तिने विचारलं, "घाबरलीस का?" आणि उत्तराची वाट बघितली. आणि ते न आलेलं उत्तर ऐकून ती चक्क हसली.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिच्या डाव्या कानात, माझ्या बाजूने नीट दिसणार नाही असं, काहीतरी मण्यासारखं होतं. ऐकायचं यंत्र असणार. घरी याबद्दल कुणी बोललं नव्हतं. म्हणजे तिने लपवलं होतं. म्हणजे आणखी काय काय लपवलं असेल?

"पाटी गेली," ती म्हणाली. "काय होतं तिच्यावर?"

"तुला दिसली नाही?"

"तुला विचारतेय मी."

"वेग कमी करा."

"मग तसं सांग की."

कीनो या कोळ्यांच्या गावी पोचलो तेव्हा चार वाजत आले होते; त्याआधीच्या वळणावर पुढचा ट्रेलर उगाच दोन मिनिटं थांबला होता. समुद्राकाठी गाड्यांचा तळ. तिथली एक रीत आहे. कुणीही नवीन गाडी आली की सगळा तळ खुर्च्या घेऊन बाहेर येऊन बसतो. ट्रेलर उलटा नेऊन अरुंद जागेत बसवणं हे सोपं काम नाही. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. नवराबायकोची भांडणं, घटस्फोटाच्या धमक्या, मोडलेले खांब. फुकटचा तमाशा आणि हातात बिअर. मर्ल स्टीअरिंगवर बसून आला आणि आत्या त्याच्या ट्रेलरमागे उभी राहून हातवारे न करता नुसती ओरडत होती. मर्लने ट्रेलर एका दमात बसवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण जरा नाराजीनेच.

दुसऱ्या दिवशी मी तळाच्या उपाहारगृहात, जिथे फोन चालतो तिथे बसून शार्लीनला कळवलं: रस्त्यावरच्या पाट्या स्वतः वाचत नाही, मला वाचायला लावते. कानात यंत्र आहे. आणि गाडी चालवताना स्वतःशी बोलते, कुणीतरी समोर असल्यासारखं. कळवून झाल्यावर मी मासळीचे दोन टाको खाल्ले आणि मला ते फार आवडले. हे लिहायचं कारण एवढंच, की त्या वेळी मला काहीही वाटलं नव्हतं.

चारच्या बैठकीला सगळे आपापली खुर्ची आणि आपापला ग्लास घेऊन आमच्या गाडीच्या कापडी छपराखाली जमायचे. पहिल्या दिवसापासून माझी उलटतपासणी सुरू झाली.

"तर हा तुझा भाचा," मर्ल आत्याला म्हणाला. मग माझ्या दिशेला, पण माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत, "मदतीला आलास काय पोरा?"

"हो, मर्लकाका."

"छान. गेल्या साली वॉल्टरचा जावई आला होता मदतीला. इतका सालस, की वॉल्टरचे बूटसुद्धा झटकून ठेवायचा."

"मग?"

"मग काय. जानेवारीत बूट, वॉल्टर आणि गाडी, तिन्ही घेऊन गेला. वॉल्टर आता एका इमारतीत असतो. चौथ्या मजल्यावर. खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसते म्हणतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉटने माझ्यापुढे वाटी सरकवली. "घे ना शेंगदाणे," ती म्हणाली, "तुझी काय चूक." पण वाटी तिने लगेच परत ओढून घेतली.

शार्लीनचं उत्तर दोन दिवसांनी आलं. तिने गाडीला गिऱ्हाईक बघितलं होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः येणार होती. आणि खाली: "दुपारी ती कुठे जाते? मागच्या वर्षीही फोन उचलत नव्हती. तिथे कुणी पुरुष आहे का?"

ही मात्र खरी गोष्ट होती. एक दिवसाआड तीन वाजता आत्या तिची तीनचाकी सायकल काढायची, "कोळंबी बघून येते" म्हणायची आणि कोळंबी न घेताच परत यायची. परत आली की गालावर लाली आणि बुटांना पांढरी धूळ. मी विचारलं तर म्हणाली, "आज चांगली नव्हती." सलग तीन वेळा कोळंबी चांगली नाही, तीही जिथे अख्खं गाव कोळंबीवर जगतं तिथे.

चौथ्या वेळी मी मागे गेलो.

तळाच्या मागे वाळूच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यामागे जुनी मिठाची सपाट जमीन, पांढरी, मैलभर रिकामी. मी टेकडीवर पालथा पडलो आणि डोकं वर काढलं. खाली मर्लचा पिकअप होता, ट्रेलर जोडलेला. जमिनीवर पोरांच्या खेळण्यातल्या रंगीत बादल्या दोन ओळींत मांडल्या होत्या आणि तो अजस्र ट्रेलर त्यांच्यामधून उलटा येत होता, कण्हत, थांबत. स्टीअरिंगवर डॉट होती. तिचं डोकं जेमतेम खिडकीच्या वर दिसत होतं. आत्या ट्रेलरमागे पाय फाकून उभी होती, हातात वॉकी-टॉकी, कानात तो मणी.

"थोडी उजवीकडे," ती म्हणत होती. "अजून. हां. आता सरळ. शाब्बास पोरी. घाबरलीस का?"

कानातला मणी चरचरला आणि आत्या हसली.

थोड्या अंतरावर मर्ल खुर्ची टाकून बसला होता. पाठ ट्रेलरकडे, टोपी नाकापर्यंत ओढलेली, तोंड समुद्राकडे, जो तिथून दिसतसुद्धा नाही. एक पिवळी बादली चाकाखाली फुटली. तो वळला नाही.

मी टेकडीवरून घसरत खाली आलो. ठरवून नाही, वाळू सुटली म्हणून.

"कोण आहे?" मर्ल ओरडला. मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होतो.

"डार्सी आहे," आत्या म्हणाली. वळूनही न बघता. "आज आलास? मला वाटलं परवाच येशील."

मर्लने टोपी वर केली. त्याचे डोळे चांगले निळे होते, फक्त ते माझ्या कानाकडे बघत होते. "उन्हाळ्यापासून मधोमध काळा डाग आहे," तो म्हणाला. "कडेने थोडं दिसतं. टूसॉनजवळ मी एका बसखाली जाता जाता राहिलो. त्यानंतर हायवेला ही चालवते आणि नेटी मागून सांगते. लोकांसमोर तेवढा मी बसतो." मग त्याने टोपी परत खाली ओढली. "मला काही दिसत नाही, पोरा. आणि तूही काही बघितलेलं नाहीस."

डॉट उतरली. ती हसत होती, मोठ्ठं. "अर्ध्या बादल्या वाचल्या आज!" तिने मला सांगितलं, जणू मी त्याचसाठी आलो होतो.

आत्याबद्दल मला जे ठाऊक नव्हतं ते डॉटने परतीच्या वाटेवर सांगितलं. आत्याने तीस-एक वर्षं आमच्या भागात शाळेची बस चालवली, बर्फात, हे मला माहीत होतं. मीच त्या बसमधून शाळेत गेलो होतो आणि एकदा मागच्या सीटवर ओकलोही होतो. पण पीटर आतोबा इथे असताना घरगाडीचं स्टीअरिंग कायम त्यांच्याकडे. सगळ्या तळावर अजूनही तसंच आहे. गाडी पुरुष चालवतो, बाई नकाशा धरते आणि शिव्या खाते. चौथ्या हिवाळ्यात आतोबा इथेच, झोपेत गेले. मुलीने फोनवर सांगितलं, आई तू विमानाने ये, गाडी न्यायला माणूस पाठवते. आत्याने फोन ठेवला आणि आतोबांची राख शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून गाडी घरी नेली. तेव्हापासून ती तळावरच्या बायकांना गुपचूप चालवायला शिकवते. ज्यांचे नवरे खोकतात, ज्यांचे हात कापतात, त्यांच्या बायकांना आधी.

"आणि कळलं कुणाला, तर?" मी विचारलं.

"तर मर्लच्या मोठेपणाचं काय?" डॉट म्हणाली. "आणि पोरांचं? आमची सून शार्लीनच्याच शाळेत शिकवते. एका मधल्या सुट्टीत सगळं रेजायनाभर होईल."

रात्रीची भांडी मी घासली. मग आत्याला सांगितलं, सगळं. काय कळवलं, कोण येणार आहे, गिऱ्हाईक.

ती टॉवेलची घडी करत होती. घडी झाली, उलगडली, परत केली.

"तुला पाठवलंय हे मला घरीच कळलं होतं," ती म्हणाली. "तू माझ्यासाठी दार उघडलंस. तुझ्या बापानेसुद्धा जन्मात कधी दार उघडलं नाही."

"मग आणलंस कशाला?"

"कुणीतरी येणारच होतं. म्हटलं त्यातल्या त्यात मंद असलेला बरा." टॉवेल तिने आपटला. "स्वतःशी बोलते! माझ्या पोरीला कळवलं, आई स्वतःशी बोलते! अरे गाढवा, एकदा विचारायचंस तरी, कुणाशी बोलतेस म्हणून!"

"तू सांगितलं असतंस?"

"नाही."

"शार्लीनला आता खरं सांगून टाकू."

"मर्लचं नाव निघालं तर तुला इथून पायी पाठवीन."

एक गोष्ट मला टोचत होती. "आत्या, बोलणं डॉटसाठी होतं. पण पाट्या? डॉट स्वतःच्या पाट्या स्वतः वाचते. मग मला कशाला वाचायला लावत होतीस?"

"तू झोपू नयेस म्हणून."

"मी झोपलो तर काय बिघडतं? किल्ली तुझ्या गळ्यात होती."

तिने दिवा बारीक केला.

तेव्हा मी सौदा केला. शार्लीनला मी सांभाळतो, मर्लचं नाव येणार नाही. बदल्यात आत्याने एर्मोसियो शहरात जाऊन डोळे तपासून घ्यायचे. माझ्यासमोर. डॉक्टरने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि तिने वाचायची, अंदाजाने नाही.

"हेराला पगार पण हवा," ती म्हणाली. पण हात पुढे केला. मी तो हलवला. तिच्या हाताला अजून पिठाचा वास होता, किंवा मला तसं वाटलं.

शार्लीन आली ती थेट विमानतळावरून टॅक्सीने, गळ्यात उशी अडकवलेली. आधी तिने छपरावरचा ट्रे बघितला.

"आई, हे काय?"

"तुझ्या माणसाला विचार," आत्या म्हणाली.

चारच्या बैठकीला त्या दिवशी झाडून सगळे हजर. कुणाला काही माहीत नव्हतं, पण आईला भेटायला भर हिवाळ्यात लेक येते म्हणजे काय, हे इथे प्रत्येकाला कळतं. नेटी कशी ताजीतवानी आहे, नेटीला सगळ्यांचे वाढदिवस कसे पाठ, नेटी पत्त्यात कशी लुबाडते. इतकी स्तुती झाली की कुणालाही संशय यावा. शार्लीनला आलाच.

"आई," ती एकदम म्हणाली, "गाडी चालवताना तू कुणाशी बोलतेस?"

खुर्च्या करकरल्या. मर्लने ग्लास खाली ठेवला, टेबलाच्या कडेपासून दोन इंच बाहेर, आणि डॉटने तो हवेतच पकडला.

"प्रार्थना म्हणते," मी म्हणालो.

आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी शेजारी बसलेल्या माणसाच्या मागे सरकलो. आतोबा गेल्यापासून ती चर्चच्या पायरीवर उभी राहिली नव्हती.

"युक्रेनियन," मी पुढे दामटलं. "आजीच्या. मला कळलं नाही ना आधी. मला वाटलं स्वतःशी बोलते."

शार्लीनचा चेहरा विरघळला. "आई? आजीच्या प्रार्थना? तू मला कधी शिकवल्या नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस," आत्या दात आवळून म्हणाली.

"म्हण ना. एकच."

आत्याने डोळे मिटले. "ओत्चे नाश," तिने सुरुवात केली, आणि दोन ओळी बऱ्या गेल्या. मग ती अडली. तिला पुढचं येत नव्हतं. कुणालाही दिसलं असतं. पण ती थांबली नाही. त्याच सुरात, मान खाली घालून, ती पुढे म्हणत राहिली, आणि मला मधूनमधून ओळखीचे शब्द लागायला लागले. कपुस्ता म्हणजे कोबी. सिल म्हणजे मीठ. आमच्या आजीची कोबी आंबवायची कृती होती ती, पहिल्या पिंपापासून वर दगड ठेवण्यापर्यंत, सावकाश, भक्तिभावाने. दगडाशी येऊन ती म्हणाली, "आमेन."

"आमेन," सगळा तळ म्हणाला. शार्लीन रडत होती. डॉटही रडत होती, पण ती कशाने ते मला सांगता येणार नाही.

एवढ्याने शार्लीन सुटणारी नव्हती. परवाच्या विमानाला आईनेच सोडावं, ह्याच गाडीतून, आणि आपण शेजारी बसणार, असं तिने जाहीर केलं. "आणि पाट्या तू वाचायच्यास, आई. डार्सी मागे बसेल. तोंड बंद."

एर्मोसियोचा रस्ता सरळ आहे आणि कंटाळवाणा. मी मागच्या बाकावर बसून आत्याच्या मानेकडे बघत होतो. शार्लीन तिच्या हातांकडे बघत होती, मग आरशाकडे, मग परत हातांकडे. आत्याने गाडी काठावर भरलेलं भांडं न्यावं तशी नेली. आणि पाट्या वाचल्या. "वळण. वेग कमी करा. शाळा. पुढे पंप." एकही चुकली नाही. काही तर मला दिसायच्या आधी तिने सांगितल्या. माझ्या छातीतला धोंडा पहिल्या अर्ध्या तासात उतरला, आणि पुढच्या अर्ध्या तासात परत चढून बसला. कारण ह्या रस्त्याने ती एकोणीस हिवाळे जात होती. ह्या पाट्या मीसुद्धा डोळे मिटून म्हटल्या असत्या, आणि त्या तर मी तीन-चारदाच पाहिल्या होत्या.

विमानतळावर शार्लीनने आईला मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. "गिऱ्हाइकाला नाही म्हणते," ती म्हणाली. "पण आणखी एकच हिवाळा, आई. मग परत बघू. आणि ईस्टरला मी चर्चला येईन तुझ्याबरोबर. तू म्हण, मी ऐकीन."

"ये," आत्या म्हणाली. तिचा आवाज कोबीच्या पिंपातून आल्यासारखा आला.

शार्लीन मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू खरं सांगतोयस ना?"

"तूच बघितलंस की."

ती आत गेली. मी पुढच्या सीटवर आलो. डोळ्यांच्या डॉक्टरचं दुकान विमानतळाहून गावात शिरताना मुख्य रस्त्यावरच आहे, मी ते आधीच शोधून ठेवलं होतं. वर एक भलामोठा निळा डोळा रंगवलेला, पापण्यांसकट, आमच्या गाडीएवढा. आत्या त्याच्या समोरून सरळ निघून गेली.

"आत्या! गेलं!"

"काय गेलं?"

"डोळा!"

"कुठे होता?"

मी तिच्याकडे बघितलं. ती रस्त्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. थट्टा करत असती तर डावा गाल हलला असता. हललाही असेल, मी उजवीकडे बसलो होतो.

"तुझ्याशी बोलण्यात राहिलं," ती म्हणाली.

"मी एक शब्द बोललेलो नाही."

"मग पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी डॉक्टर रजेवर होता, म्हणजे आत्याने तसं सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी पाऊस आला, सोनोराच्या वाळवंटात, फेब्रुवारीत. मार्च सगळा डॉटला शहरातली वळणं शिकवण्यात गेला. एप्रिलमध्ये निघालो तेव्हा तळासमोर मर्ल स्टीअरिंगवर बसला, लोकांनी हात हलवले, आणि दुसऱ्या वळणावर दोघांनी जागा बदलल्या. त्यांच्या मागे आम्ही. दोरी बांधल्यासारखं अंतर.

"सौदा झाला होता," मी म्हणालो. "माझी बाजू मी पुरी केली."

"देणं लागते तुझं," ती म्हणाली. "नाही म्हणतेय का मी? घरी गेल्यावर बघू." मग कॉलरला लावलेल्या माइकपाशी वाकून, "सावकाश, पोरी, पुढे गुरं असतील." मग परत मला, सरळ आवाजात, "काय लिहिलंय रे त्या पाटीवर?"

पाटी अजून बरीच लांब होती. मला पुसटशी दिसत होती. मी ती वाचली, आणि तिच्या मागची, आणि तिच्याही मागची. घरी पोचूनही आता महिना झाला. तपासणी बाकी आहे.